मुळशीचे खोरे : पाण्याखालचे आणि पाण्याकाठचे



पावसाळा सुरू झाला की पुण्याची माणसे रविवारी पौडच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघतात. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेले म्हणजे मुळशीचा जलाशय दिसू लागतो. लोक गाडी थांबवतात, धुके पाहतात, भाजलेली कणसे खातात आणि ताम्हिणीच्या बाजूला जाऊन संध्याकाळी परततात. त्या पाण्याला काही इतिहास असेल, असे त्याच्याकडे पाहून वाटत नाही. डोंगराइतकेच ते जुने आहे, असाच कोणाचाही समज व्हावा. परंतु शंभर वर्षांपूर्वी तेथे पाणी नव्हते. भाताची खाचरे होती, गावे होती, देवळे होती. आज त्या पाण्याखालच्या आणि पाण्याकाठच्या गावांची हकिगत मला आपल्यापुढे मांडायची आहे. ती मांडताना एक प्रश्न मी समोर ठेवणार आहे : जमीन पाण्याखाली जाते तेव्हा ती कोणाची जाते? जिचा कागद ज्याच्यापाशी असतो त्याची, की जो तीत राबतो त्याची?

प्रथम भूगोल पाहू. सह्याद्रीची मुख्य रांग येथे उत्तर-दक्षिण गेलेली आहे. पश्चिमेला तिचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते. पूर्वेला मात्र तिच्यापासून डोंगरांच्या लांबच लांब सोंडा निघून देशाकडे उतरत जातात. दोन सोंडांच्या मधली जी अरुंद, लांबट दरी तिला आपण खोरे किंवा मावळ म्हणतो. पौड खोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, कोरबारसे ही नावे शिवकालाच्या वाचकांना ओळखीची आहेत. मुळा नदीचे खोरे हे असेच एक. वरच्या अंगाला कड्याजवळ पाच-पाच हजार मिलीमीटर आणि कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पौडला तो निम्म्याहून कमी होतो, आणि पुणे शहरात सातशे-साडेसातशेवर येतो. सत्तर किलोमीटरांच्या आत एवढा फरक पडतो.

अशा खोऱ्यात डोंगर उतारावरची माती वाहून तळाशी जमते. तेथे पाणी साठते, बांध घालून खाचरे करता येतात, आणि भात उत्तम पिकतो. मुळशीचा आंबेमोहर पुण्याच्या स्वयंपाकघरांत नावाजलेला होता. उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण व कवळे पसरून राब भाजायचा, पहिल्या पावसावर त्यात रोपे करायची, आणि आषाढात इरली पांघरून घोट्याएवढ्या चिखलात लावणी करायची, असे हे कष्टाचे शेत. उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. त्याच्या वर रान. त्या रानात धनगरांचे वाडे, कातकऱ्यांच्या झोपड्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या. खाचर, वरकस आणि रान अशी ही तीन पायऱ्यांची रचना होती, आणि तिन्ही पायऱ्यांवरची माणसे एकमेकांवर अवलंबून होती. राबासाठी पाला रानातून यायचा, लावणी-कापणीला माणसे वाडीवरून उतरायची आणि मजुरीचे धान्य खाचरातून वर जायचे. तळाचे खाचर गेले तर वरचे रान जागेवर राहूनही निरुपयोगी होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

आता एक गोष्ट पाहा. ज्या कारणाने असे खोरे भाताला उत्तम, त्याच कारणाने ते धरणालाही उत्तम. पाऊस भरपूर, तळ सपाट, दोन्ही बाजूंना डोंगर आणि तोंड अरुंद. इंजिनियराला आणखी काय हवे? म्हणूनच पुण्याच्या पश्चिमेची मावळखोरी एकामागून एक जलाशय होत गेली. मोसे खोऱ्यातल्या वरसगावच्या जलाशयाला तर त्याच खोऱ्याच्या वीर बाजी पासलकरांचे नाव दिलेले आहे. ज्या मावळ्यांच्या बळावर राज्य उभे राहिले, त्यांचे स्मरण आता त्यांच्या जमिनीवरच्या पाण्याला नाव देऊन केले जाते.

मुळशीवर हा प्रसंग आधी आला, आणि तो मुंबईमुळे आला. मुंबईच्या कापडगिरण्या दगडी कोळशाच्या वाफेवर चालत. कोळसा दूर बंगालकडून आणावा लागे. सह्याद्रीवर पडणारे पाणी अडवून, ते कड्यावरून कोकणात सोडून वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या डोक्यात होती. ते १९०४ साली वारले. पुढे त्यांच्या वारसांनी ती सिद्धीस नेली. लोणावळ्याच्या परिसरातली तळी बांधून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर आंध्रा नदीचे खोरे घेतले गेले. तिसरी पाळी मुळशीची आली. १९१९ साली त्यासाठी टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि मुळा-निळा यांच्या संगमाजवळ धरणाची जागा ठरली. पन्नासच्या आसपास गावे आणि दहा-अकरा हजार माणसे या योजनेच्या कक्षेत येत होती.

कंपनीने शेतकऱ्यांशी एकेकट्याने सौदा करण्याची गरज नव्हती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा तिच्या मदतीला होता. सार्वजनिक प्रयोजन म्हणून सरकारने जमीन घ्यायची आणि कंपनीला द्यायची. त्या कायद्याच्या दृष्टीला माणूस दिसे तो हक्कदार म्हणून. ज्याचा जमिनीत कागदोपत्री हितसंबंध, त्याला रोख मोबदला. गाव, देऊळ, रान, बलुते, शेजार यांची किंमत करण्याचे कोष्टक त्यात नव्हते.

आणि मुळशीत कागद कोणाकडे होते? येथे आपल्याला थोडे मागे जावे लागेल. १८१८ नंतर इंग्रजी अमलात रयतवारी आली, सारा रोखीने भरावा लागू लागला आणि जमीन गहाण टाकण्याजोगी व विकण्याजोगी वस्तू झाली. कर्ज, व्याज, खत, फिर्याद, हुकूमनामा या वाटेने दख्खनच्या शेतकऱ्यांच्या जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १८७५ साली सुप्याला आणि पुणे-नगरच्या अनेक गावांत दंगे झाले. रयतेने सावकारांची घरे घेरली, ती मुख्यतः खते आणि रोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. आपला शत्रू कागद आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते. १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदाही केला. परंतु जमिनीची वाट बदलली नाही. १९२० पर्यंत मुळशी पेट्यातल्या पुष्कळ जमिनीचे मालक पुण्यातले सावकार झाले होते आणि पूर्वीचे मालक त्याच खाचरात कूळ म्हणून राबत होते.

जमिनी रीतसर ताब्यात येण्यापूर्वीच कंपनीच्या माणसांनी चाचणीचे खड्डे खणायला सुरुवात केली, तेव्हा असंतोषाला तोंड फुटले. पुण्यात सभा झाल्या. नरसोपंत केळकरांसारखे पुढारी पुढे आले. टिळकांना जाऊन वर्षही झाले नव्हते आणि असहकाराची हवा होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. काम थांबले. महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’तून या लढ्याची दखल घेतली आणि टाटांनी कायद्याच्या बळापेक्षा लोकांची समजूत घालण्याचा मार्ग धरावा, अशा आशयाचे आवाहन केले. काही महिन्यांची तहकुबी मिळाली. परंतु १९२१ च्या अखेरीस काम पुन्हा सुरू झाले आणि सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, पांडुरंग महादेव बापट ही मंडळी त्यात होती. स्त्रिया कामावर बसल्या, तुरुंगात गेल्या. बापटांना लोकांनी ‘सेनापती’ ही पदवी दिली ती याच लढ्यात. १९२४ च्या डिसेंबरात त्यांनी कंपनीची आगगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. तेथे हा लढा संपला.

आपल्या इतिहासात या लढ्याची गोष्ट बहुधा सेनापतींच्या चरित्रातला एक अध्याय म्हणून सांगितली जाते. तो अध्याय तेजस्वी आहे, यात शंका नाही. परंतु लढा का हरला, याचे उत्तर चरित्रात मिळत नाही. ते सातबाऱ्याच्या पूर्वजांत मिळते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा साक्षेपाने अभ्यास केला आहे, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : सावकार आणि कूळ हे दोघे आरंभी एका बाजूला दिसले तरी त्यांचे हित एक नव्हते. सावकाराला जमीन हे भांडवल होते. त्याला चांगला भाव मिळाला की त्याचा प्रश्न सुटत होता. कुळाला जमीन हे घर होते, आणि घराचा मोबदला दुसऱ्याच्या हाती पडणार होता. भावाची बोलणी सुरू होताच पुण्यातला पाठिंबा ओसरला. शहराने सभा भरवल्या, वर्तमानपत्रांतून लिहिले, काहींनी तुरुंगवासही सोसला. आणि त्याच शहरातल्या काहींनी मोबदल्याची रक्कम मोजून घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपण पुण्याचे अभिमानी असू तर दोन्हींची नोंद आपल्याच वहीत ठेवली पाहिजे.

१९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. मुळशीचे पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत नेतात आणि तेथून नळांनी सुमारे पाचशे मीटर खाली सोडतात. जे पाणी मुळेतून पुण्याच्या संगमाला, तेथून भीमेला, कृष्णेला आणि अखेर पूर्वसमुद्राला जायचे, त्याने दिशा बदलली. वीज करून झाली की ते कुंडलिकेला मिळते, रोह्याकडे जाते आणि पश्चिमसमुद्राला मिळते. कोलाडला आज तरुण मंडळी होड्यांतून ज्या उसळत्या पाण्यावर खेळतात, ते भिऱ्याहून सोडलेले हेच मावळचे पाणी. पुढे कृष्णेच्या पाण्याचा तंटा लवादापुढे गेला तेव्हा टाटांच्या सर्व जलाशयांमिळून पश्चिमेकडे किती पाणी वळवावे, याची मर्यादा ठरवली गेली. कोणत्याही सलग पाच वर्षांत २१२ अब्ज घनफूट ही ती मर्यादा. पाण्याचा हिशेब असा थेंबाथेंबाने झाला. माणसांचा झाला नाही.

ती माणसे कोठे गेली? काही पांगली. काही जवळच, पाण्याच्या रेषेच्या वर, डोंगराच्या कुशीत नवी घरे बांधून राहिली. खोरे होते तेव्हा समोरच्या गावी सरळ चालत जाता येई. आता मध्ये पाणी आले आणि वळसा पडला. खाचर बुडाल्यावर वरकसावर भागेना, म्हणून तरुण मुंबईची वाट धरू लागले. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर या भागांतून मुंबईला जाण्याचा प्रघात जुनाच. तेथल्या डबेवाल्यांत या भागातली माणसे किती आहेत, हे आपणांस ठाऊक आहे. आधी खोऱ्यातले पाणी वीज होऊन मुंबईला गेले, मागून खोऱ्यातला माणूस गेला.

आता ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ती गोष्ट सांगतो. १९४८ साली मुंबई राज्यात कूळकायदा झाला आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता, त्याला ती कायद्याने विकत घेतल्याप्रमाणे मिळू लागली. सावकाराकडे गेलेली जमीन दोन-तीन पिढ्यांनी कुळाकडे परत येण्याची ही वाट होती. धरणाच्या खालच्या गावांतल्या कुळांना ती खुली झाली. पाण्याखालच्या खाचरांना कृषक दिन आलाच नाही. मुळशीच्या कुळाने १९२० च्या दशकात जे गमावले ते केवळ घर आणि पीक नव्हते. तीस वर्षांनी येणारी मालकीही त्याने गमावली, आणि तिची भरपाई कोणी मागितलीही नाही. ज्याला आपण उशिरा आलेला न्याय म्हणतो, तो घेण्यासाठीसुद्धा पायाखाली जमीन शिल्लक असावी लागते.

कायदा पुढे शिकत गेला, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्राने १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. १८९४ चा तो जुना कायदा मात्र स्वातंत्र्यानंतरही साठ-सत्तर वर्षे टिकला. २०१३ साली संसदेने नवा कायदा केला आणि १ जानेवारी २०१४ पासून जुना रद्द झाला. नव्या कायद्यात बाधित कुटुंबाची व्याख्या करताना कूळ, शेतमजूर, कारागीर आणि रानावर जगणारी माणसे यांचा उल्लेख आला. मुळशीत जे मोजले गेले नव्हते, तेच हे लोक. कामावर जाऊन बसलेल्या मावळ्यांनी जी गोष्ट देहाने सांगितली, ती कायद्याच्या भाषेत यायला नव्वदाहून अधिक वर्षे लागली.

आज जलाशयाकाठी पुन्हा जमिनीला भाव आला आहे. पाण्याचा देखावा दिसणाऱ्या उतारावर बंगले उठत आहेत. पुन्हा कागद फिरत आहेत, आणि धनगरवाड्यावरच्या नि कातकरवाडीतल्या माणसाच्या हाती पूर्वीप्रमाणेच बहुधा कागद नाही. धरण वाईट आणि वीज नको, असे सांगण्यासाठी मी येथे उभा नाही. ज्या दिव्याखाली आपण बसलो आहोत तो विजेचाच आहे. माझे म्हणणे एवढेच की, विजेचा हिशेब मांडताना जो मोजायचा राहून गेला त्याला आपण तरी मोजावे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते तेव्हा काठच्या गाळातून जुन्या खाचरांचे बांध वर येतात. पुढच्या वेळी मुळशीला जाल तेव्हा पावसाची वाट पाहू नका. मे महिन्यात जा, आणि ते बांध पाहून या.