उदक म्हणजे पाणी

सरकारी नोकरीत राजपत्र वाचावं लागतं. आवडीने कुणी वाचत नाही, पण वाचावं लागतं. काही वर्षांपूर्वी एका जुन्या फाइलीचा निपटारा करताना 'गोवा बालक कायदा, २००३' माझ्या टेबलावर आला. एरवी कायद्यातली व्याख्यांची कलमं मी भराभर उलटून पुढे जातो. त्या दिवशी मात्र दुसऱ्याच कलमावर अडकलो. मुलाचा छळ कशाला म्हणायचं ते तिथे सांगितलं आहे. त्यात क्रौर्य, लैंगिक अत्याचार, हेळसांड हे सगळं आहेच. पण कृतीने किंवा शब्दांनी मुलाची माणूस म्हणून असलेली प्रतिष्ठा कमी करणं, यालाही तिथे छळच म्हटलं आहे.

'किंवा शब्दांनी'! दोनच शब्द, पण ते लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

याच कायद्याने गोव्यातल्या शाळांमधल्या मारावर बंदी आणली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शिक्षा हद्दपार करायची भाषा होती, पण ती शारीरिक शिक्षेपुरती. मानसिक छळाचा उल्लेख देशपातळीवर आला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, सतराव्या कलमात. म्हणजे आपला कायदा त्याच्या सहा वर्षं आधीचा.

छडीचा इतिहास लिहिणं तसं सोपं आहे. छडी दिसते, वळ दिसतो, म्हातारे लोक हात पुढे करून 'इथे बसली होती' असं सांगतात. शब्दाचं तसं नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यात 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. असे दाखले माझ्या हाताखालून पुष्कळ गेले. 'पालकांच्या विनंतीवरून', 'घरगुती अडचण', 'गैरहजर राहिल्याने नाव कमी केले' एवढीच कारणं त्यात सापडतात. मास्तर काहीतरी बोलले म्हणून मुलगा परत आला नाही, हे कारण मी अजून एकाही दाखल्यावर वाचलेलं नाही.

गोव्यातल्या शाळांबद्दल जे वाचलं आणि जे घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं, त्यावरून माझं एक मत झालं आहे. आपल्याकडे मुलाला खोल लागणारा शब्द पुष्कळदा त्याच्या बोलण्यावरूनच आलेला असतो. आणि याची मुळं फार जुनी आहेत.

२७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला की एतद्देशीयांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, आणि पाद्री व शाळामास्तरांनी शिकवायचं ते पोर्तुगीजमधून शिकवावं. तीन वर्षांत बोली सुटली नाही, हे सांगायला नकोच. हुकमाने बोली मरत नसते. पण घरात आई बोलते ती भाषा ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, हे हुकमाने शिकवता येतं आणि ते काम शाळा करते. पुढे १८१२ साली आर्चबिशपने मुलांना शाळांत कोकणी बोलायला मनाई केली आणि १८४७ मध्ये तीच मनाई सेमिनरींपर्यंत पोचली.

गंमत अशी की याविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो एका पोर्तुगीज सरकारी माणसानेच. कुन्य रिव्हार हे १८५५ साली सरकारचे मुख्य सचिव म्हणून इथे आले. १८५६ मध्ये नोव्हा गोव्यात, म्हणजे आपल्या पणजीत, शिक्षक तयार करणारी नॉर्मल स्कूल सुरू झाली, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात त्यांनी कोकणीची बाजू मांडली. त्यांच्यासमोर बसले होते ते उद्याचे मास्तर. दोन वर्षांनी त्यांनी कोकणी भाषेचा इतिहास सांगणारा निबंधच छापला आणि १६८४ चा तो हुकूम त्यात सगळ्यांसमोर ठेवला. सचिवालयातला माणूस दप्तरातले कागद बाहेर काढून असं काही करू शकतो, याचं आम्हा कारकुनांना जरा अप्रूप वाटतं. असो.

माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत प्रिमेरू ग्राव शिकले. त्या शाळेत पाल्मातोरिया असायची. गोल लाकडी थापी, तिला भोकं पाडलेली, आणि ती तळहातावर मारायची. आजोबा तिच्या गोष्टी हसत हसत सांगत. कुणी आधी हाताला तेल लावून जायचं, कुणी थापीच लपवून ठेवायचं. त्यांच्या तोंडून थापी ही जणू सर्कशीतली वस्तू वाटायची. पण त्या शिक्षकाने त्यांना एक नाव ठेवलं होतं, 'बुर्रू'. पोर्तुगीजमध्ये बुर्रू म्हणजे गाढव. क्रियापदाचं रूप चुकलं की बुर्रू, तोंडून कोकणी शब्द निसटला की बुर्रू. हे सांगताना आजोबा हसत नसत. मी कॉलेजात असताना ते गेले, ऐंशीच्या घरात होते. शेवटपर्यंत पोर्तुगीज कागद वाचून त्याचा अर्थ ते बरोबर सांगायचे, पण तोंडाने एक वाक्य बोलायचे नाहीत. 'माका येना' म्हणायचे. येत होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

हिंदू घरांतल्या मुलांना तेव्हा दुसरी एक शाळा असे. देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर भरणारी मराठी शाळा. धुळाक्षरं, मोडी, पावकी, निमकी. तिथले मास्तर काही संत नव्हते. शिव्या आणि छड्या तिथेही भरपूर होत्या. पण मास्तर गावातलेच, लिहायला मराठी शिकवणारे आणि बोलायला कोकणी. मुलाच्या बोलण्याला ते हसणार कसे? तसंच बोलणं त्यांचंही होतं.

मुक्तीनंतर चित्र पालटलं. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि खेड्यापाड्यांतून सरकारी मराठी शाळा निघाल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी पाटी पाहिली नव्हती त्या घरांतली मुलं शाळेत बसली. माझे वडील त्या पहिल्या लाटेतले. मी आज चार ओळी लिहितो ते त्या शाळांमुळे, हे मी कधीही नाकारणार नाही. एवढ्या शाळांना मास्तर कुठून आणायचे? इथे होते ते अपुरे पडले, म्हणून पुष्कळजण महाराष्ट्रातून आले. सत्तरीत, सांग्यात, नदीपलीकडे होडीतून जायचं, एका खोलीत चार वर्ग आणि मास्तर एकटा. त्या लोकांनी खाल्लेल्या खस्तांवर कुणीतरी पुस्तक लिहायला हवं.

पण त्या शाळांतून एक नवी अडचण उभी राहिली आणि तिच्याबद्दल आपण मराठीवाले सहसा बोलत नाही. बोललं तर कोकणीवाद्यांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होईल, अशी भीती असते. आज बोलतो.

१९८६ च्या जूनमध्ये मी पहिलीत गेलो. राजभाषेचं आंदोलन तेव्हा पेटलेलं होतं. डिसेंबरात माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा घटक राज्य झालं. आम्हा पोरांना त्यातलं काही कळत नव्हतं. मोठी माणसं ओट्यावर चढ्या आवाजात बोलतात, एवढंच कळत होतं. त्याच वर्षी, मी दुसरीत असताना, एका दुपारी उभा राहून बाईंना विचारलं, "बाई, उदक पिऊन येऊ?"

बाई म्हणाल्या, "उदक मेलेल्यांना सोडतात. तू मेलास का रे?"

वर्ग हसला. माझा शेजारी हसला, आणि त्याच्याही घरी उदकच पीत होते. मी खाली बसलो. त्यानंतर बाईंकडे पाणी मागायला मी गेलो नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. मधल्या सुट्टीपर्यंत तहान दाबून ठेवायची, नाहीतर घरूनच भरपूर पिऊन यायचं. बाई वाईट नव्हत्या. माझ्या अक्षराचं त्या कौतुक करायच्या. त्या दुपारी त्या काय बोलल्या, हे संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षातही राहिलं नसेल.

असे शब्द पुष्कळ होते. आम्ही शिजलेल्याला शीत म्हणतो आणि शेतातल्याला भात. पुस्तकात 'आई भात वाढते' असं वाचलं की डोळ्यांपुढे टरफलासकट साळी यायची. सिंधुदुर्गातून आलेल्या मास्तरांना हे आपोआप कळायचं, कारण त्यांच्या घरीही भात म्हणजे शेतातलंच. घाटावरून आलेल्यांना हसू यायचं. पण त्यांच्यापैकी कितीजणांच्या स्वतःच्या बोलीला ट्रेनिंग कॉलेजात कुणीतरी अशुद्ध म्हणून हसलं असेल! ज्याचा 'न' आणि 'ण' बदलला म्हणून वर्गात टिंगल झाली, तोच उद्या आमच्या 'शीत'वर हसणार, यात मला नवल वाटत नाही.

बोलीवरून सुरू झालेला शब्द तिथेच थांबत नसे, बापाच्या धंद्यापर्यंत जायचा. पाढा चुकला तर 'म्हशी राख जा', रेंदेराच्या मुलाला 'तू माडावरच चढ', मासे विकणारीच्या मुलीला 'तुझ्या वहीला वास येतो'. ज्या घरांसाठी या शाळा काढल्या त्याच घरांतल्या मुलांना हे ऐकावं लागे. माझ्याबरोबर पहिलीत बसलेल्यांपैकी काहीजण चौथीनंतर दिसले नाहीत. त्यांच्या दाखल्यांवर 'घरगुती अडचण' असेल आणि ती खरीही असेल. पण घरगुती अडचण असूनही शाळेत येत राहणारी मुलं होतीच की. ती कशाच्या बळावर येत होती, आणि हे कशामुळे थांबले, ते आता कोण सांगणार?

कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. करताना ज्ञानेश्वरीचा काही भाग अभ्यासाला होता. त्यात 'उदक' दिसला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि तो श्राद्धाचा नव्हता, साधं वाहणारं पाणी होतं. मी ग्रंथालयात बसलो होतो. पुस्तक तसंच उघडं ठेवून बाहेरच्या नळावर गेलो आणि पाणी प्यायलो. आमच्या घरात आई रोज बोलत होती तो शब्द सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीत होता, आणि मराठीच्या वर्गात तो हास्यास्पद ठरला होता. बाईंना हे सांगायची तेव्हा फार इच्छा झाली. पण तोवर त्या निवृत्त होऊन आपल्या गावी परतल्या होत्या.

आता वर्ग बदलला. १९९० मध्ये सरकारने प्राथमिक शाळांचं अनुदान कोकणी-मराठीपुरतं ठेवलं होतं, २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही मिळालं. माझ्या वडिलांच्या पिढीने ज्या मराठी शाळा भरून टाकल्या त्या एकेक करून पटाअभावी बंद पडत आहेत. त्याला मीही जबाबदार आहे, कारण माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. तिथे वर्गात कोकणी-मराठी बोललं तर दंड आहे. जुन्या गोव्यातही इंग्रजी शाळांत असा दंड असायचा, त्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात ती एकदा शाळेतून आली ती गप्पच. मैत्रिणीकडून कळलं की टीचर तिच्या बोलण्यावरून सगळ्यांसमोर काहीतरी म्हणाल्या, गावठी की तसंच काही. माझं डोकं फिरलं. रात्री बसून मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला घेतला. अर्ज लिहिणं हा तर माझा धंदा. २००३ च्या कायद्याचं कलम घातलं, पोटकलम घातलं. मग 'टीचर पुढीलप्रमाणे म्हणाल्या' असं लिहून दोन बिंदू दिले आणि अडलो. कागदावर तो शब्द इतका क्षुल्लक दिसत होता की वाचणारा म्हणेल, एवढ्यासाठी अर्ज?

सकाळी तिची वेणी घालताना विचारलं, "टीचर नेमकं काय म्हणाल्या गं बाय?"

"काय नाय."

दुसरीत असताना मीही आईला हेच सांगितलं होतं.