प्रत कोणाची? प्रताधिकाराच्या तीनशे वर्षांचा वाद

आजचा विषय कायद्याचा आहे आणि आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून सुरुवात शब्दांपासून करू. कॉपीराइटला मराठीत दोन शब्द रूढ आहेत. एक 'स्वामित्वहक्क' आणि दुसरा 'प्रताधिकार'. पुस्तकांच्या पहिल्या पानांवर आपण हे दोन्ही वाचतो आणि एकच समजून पुढे जातो. पण स्वामित्व म्हटलं की डोळ्यांसमोर घर येतं, शेत येतं, सातबारा येतो. जे माझं ते माझं, माझ्यामागे मुलाबाळांचं, कायमचं. प्रताधिकार म्हणजे प्रती काढण्याचा अधिकार. अधिकार म्हटला की लगेच प्रश्न येतात: कोणी दिला, किती काळासाठी, आणि कशासाठी? गेल्या तीनशे वर्षांतला जवळजवळ प्रत्येक वाद या दोन शब्दांच्या मधल्या जागेत झालेला आहे.

इंग्लंडमध्ये १६९५पर्यंत छपाईची मक्तेदारी लंडनच्या स्टेशनर्स कंपनीकडे, म्हणजे पुस्तक छापणाऱ्या-विकणाऱ्यांच्या संघाकडे होती. सरकारला नको असलेलं लिखाण रोखायला या संघाचा उपयोग होई आणि बदल्यात संघाला धंदा मिळे. लेखक या चित्रात फारसा नव्हताच. जॉन लॉक या मक्तेदारीविरुद्ध लिहीत होता. ज्यात आपण श्रम मिसळतो ते आपलं होतं, हे सांगणारा हाच तो लॉक. पुस्तकांवर मालकी सांगणारे पुढे त्याचाच आधार घेत आले. पण पुस्तकांबद्दल खुद्द लॉकचं म्हणणं असं होतं, की लेखकाच्या मृत्यूनंतर किंवा पहिल्या छपाईनंतर पन्नास-सत्तर वर्षांची मर्यादा असावी. प्राचीन ग्रंथकारांवर कोणा एका दुकानदाराचा हक्क असावा हे त्याला मान्य नव्हतं.

मग १७१०मध्ये राणी ॲनच्या काळातला कायदा आला. त्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देणं हा हेतू लिहिलेला होता. नव्या पुस्तकाला १४ वर्षं, आणि तेव्हा लेखक हयात असेल तर आणखी १४. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना ही मुदत पटली नाही. कायद्यापलीकडे लेखकाचा नैसर्गिक हक्क आहे, तो कायमचा आहे आणि लेखकाकडून आम्ही तो विकत घेतला आहे, असं ते म्हणू लागले. एडिंबरोचा अलेक्झांडर डोनाल्डसन मात्र मुदत संपलेली पुस्तकं स्वस्तात छापायचा. जेम्स थॉमसनच्या 'द सीझन्स' या काव्यावरून खटला झाला आणि १७७४मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला, की छापून प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर कायमचा हक्क नाही. कायद्याने दिलेली मुदत संपली, की पुस्तक सगळ्यांचं.

या निकालानंतर ११ वर्षांनी कांटने या विषयावर एक छोटा निबंध लिहिला. पुस्तक ही वस्तू आहे हे त्याला मान्य आहे. ती विकत घेणाऱ्याची होते. पण पुस्तक हे लेखकाचं जनतेशी बोलणंही आहे, आणि प्रकाशक ते बोलणं लेखकाच्या वतीने पोचवतो. परवानगीशिवाय छापणारा लेखकाच्या नावाने परस्पर बोलतो, आणि त्याचा अपराध तो हाच. पाहा, इथे मालमत्तेचा मुद्दाच मागे पडला. दुसऱ्याच्या तोंडून परवानगीशिवाय बोलू नये, एवढंच कांट म्हणतो. हे सूत्र लक्षात ठेवा, शेवटी ते पुन्हा लागेल.

आता आपल्याकडे येऊ. विद्यार्थ्यांची पुस्तकं आणि मोठे प्रकाशक यांचा झगडा आपल्याकडे जुना आहे. मॅकमिलन कंपनीने प्लूटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राच्या नॉर्थकृत इंग्रजी भाषांतरातले वेचे निवडून, टिपा जोडून विद्यार्थ्यांसाठी पुस्तक काढलं होतं. मुंबईच्या के. अँड जे. कूपर यांनी त्याच चरित्रावर आपलं पुस्तक काढलं. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२३मध्ये निकाल लागला. जुन्या भाषांतरातले उतारे नुसते निवडले म्हणून मजकुरावर नवा हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी स्वतःचे श्रम, कौशल्य आणि भांडवल ओतून मूळ मजकुराला वेगळं रूप द्यावं लागतं. पुढे २००७मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडक खटल्यात ही कसोटी आणखी कडक केली. नुसते श्रम आणि पैसा पुरेसा नाही, निदान थोडी तरी सर्जनशीलता हवी. म्हणजे घाम गाळला म्हणून मालकी, हा लॉकच्या नावाने चालणारा युक्तिवाद आपल्या न्यायालयानेच बाजूला ठेवला.

मुदतीचा प्रश्नही आपल्याकडे गाजला. १९५७च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं अशी मुदत होती. रवींद्रनाथ १९४१मध्ये गेले. त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१ अखेर संपणार होते, तेव्हा मुदत वाढवून ६० वर्षं केली गेली. एका थोर लेखकासाठी केलेली ही वाढ सरसकट सगळ्यांना लागू झाली. साने गुरुजी १९५०मध्ये गेले. त्यांचं लेखन २०११च्या पहिल्या दिवशी सर्वांसाठी मोकळं झालं. जुन्या मुदतीप्रमाणे ते २००१मध्येच झालं असतं. ही जास्तीची दहा वर्षं समाजाने कोणाला दिली आणि बदल्यात काय मिळवलं, हा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. गेलेला लेखक काही त्यामुळे जास्त लिहीत नाही.

आता अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा खटला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे छोटं झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून तिथे विद्यार्थ्यांना संच मिळत. २०१२मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दावा लावला. संच काढणं थांबलं. विद्यार्थी आणि शिक्षक स्वतः संघटना करून खटल्यात उतरले. ज्यांची पुस्तकं झेरॉक्स होत होती त्यांच्यापैकीही अनेक लेखकांनी प्रकाशकांच्या विरोधात जाहीर पत्र दिलं.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. साहित्यकृतीवरचा प्रताधिकार हा ईश्वरी वा नैसर्गिक हक्क नव्हे, तो ज्ञानाला चालना देण्यासाठी आहे, अशी त्यांची भूमिका. विद्यार्थी ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेत तेव्हा तो गुन्हा नव्हता. यंत्राने तेच काम सोपं झालं म्हणून तो गुन्हा होत नाही. कायद्याच्या ५२व्या कलमात अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट आहेच. १७७४चा आवाज इथे २०१६मध्ये ऐकू येतो.

पण इथे थांबून नीट वाचलं पाहिजे, कारण 'आता झेरॉक्सला सगळं मोकळं' असा अर्थ पुष्कळांनी काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तत्त्व मान्य केलं. शिकवण्यासाठी किती पानं चालतील याला आकड्याची मर्यादा नाही, असंही सांगितलं. पण या संचांतला मजकूर शिकवण्याच्या हेतूला खरोखर आवश्यक होता का, हे पुराव्याने तपासायला खटला खाली परत पाठवला. मार्च २०१७मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. त्यामुळे ती तपासणी कधी झालीच नाही. तत्त्व मिळालं, त्याचं माप मिळालं नाही.

आणि माप लागतंच. अभ्यासक्रमासाठी परदेशी महाग पुस्तकातलं एक प्रकरण झेरॉक्स करणं वेगळं, आणि कालच बाजारात आलेल्या मराठी कादंबरीची सबंध पीडीएफ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणं वेगळं. पहिल्यात विद्यार्थी ते पुस्तक एरवी विकत घेणार नव्हता. दुसऱ्यात लहान आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाच्या आणि मानधनाची वाट पाहणाऱ्या लेखकाच्या ताटातलं आपण काढून घेतो. हेतू विद्येचा आहे का, हा १७१०चा प्रश्न दोन्हीकडे विचारा. उत्तरं वेगळी येतील. 'ज्ञान सर्वांचं' हे वाक्य म्हणताना लेखकालाही जेवावं लागतं हे विसरून चालत नाही.

आता नवा गडी मैदानात आला आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता. नोव्हेंबर २०२४मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. आमच्या बातम्या न विचारता यंत्राच्या शिकवणीला वापरल्या, हा आरोप. अमेरिकेत २०२५मध्ये अँथ्रॉपिक कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी भेद केला: पुस्तकांवर यंत्र शिकवणं हा न्याय्य वापर, पण चोरीच्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवून साठवणं नाही. त्या दुसऱ्या भागासाठी कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या समितीने डिसेंबर २०२५मध्ये सुचवलं, की यंत्रांना वापराची सरसकट मुभा असावी, मात्र मोबदला सक्तीचा. म्हणजे लेखकाला पैसे मिळतील, पण 'नाही' म्हणता येणार नाही.

इथे कांटला परत बोलवू. यंत्र लेखकाच्या नावाने बोलत नाही. मग अपराध कोणता? तो कदाचित उलट दिशेचा असेल. हजारोंचं बोलणं घेऊन ते कोणाच्याच नावाने बोलतं. आणि दिल्लीचा न्याय इथे जसाच्या तसा लागू होतो असं आम्हाला वाटत नाही. तिथे प्रत काढणारा विद्यार्थी होता, पानं वाचून शिकणारं माणूस. इथे शिकणाऱ्यामागे धंदा आहे. सूट माणसाच्या शिक्षणासाठी होती. तिचं नाव घेऊन कोणी दुसराच आत शिरत असेल, तर दारावर विचारलं पाहिजे.

म्हणून आम्ही स्वामित्वहक्कापेक्षा प्रताधिकार हा शब्द वापरतो. तो करार आहे. समाज लेखकाला काही वर्षं देतो, लेखक समाजाला कृती देतो. कराराच्या दोन्ही बाजूंना हिशेब मागण्याचा हक्क असतो, आणि तो हिशेब दर पिढीला नव्याने मांडावा लागतो. या पिढीचा हिशेब अजून मांडून व्हायचा आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.