टपाल खात्यातला नवरा, अमेरिकेतली बायको

कुठे पोचलो की आपण घरी मेसेज टाकतो. पाच मिनिटांत ब्लू टिक आली नाही की जीव खालीवर! आता १८८३ मध्ये जाऊया. एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय अठरा. न्यूयॉर्कला उतरल्या ४ जूनला. नवरा गोपाळराव इकडेच. आणि गंमत बघा, ते टपाल खात्यात नोकरीला!

तार होती की तेव्हा. पण शब्दागणिक पैसे, तेही भरमसाट. म्हणून पत्रं. पत्राला जायला साधारण महिना, उत्तर यायला आणखी एक. गोपाळराव कधी कौतुक करायचे, कधी मनाला लागेल असं लिहायचे. म्हणजे रागाच्या भरात लिहिलेलं पत्र फिलाडेल्फियात उघडलं जाईपर्यंत इकडचा राग कधीच निवलेला असणार. तिकडे मात्र तो ताजा! 'डिलीट फॉर एव्हरीवन' नव्हतं ना. आनंदीबाई दुखावल्या तरी अभ्यास सांभाळून उत्तरं देत राहिल्या.

११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. ती बातमी मात्र पत्रानं कळवावी लागली नाही. गोपाळराव समारंभाला स्वतः हजर होते.