गोडमारी पान आणि फेसाळ पेस्ट

दात घासून लगेच संत्र्याचा रस प्यायलात, तर तो कडू लागतो. आपण पुदिन्याला बोल लावतो; पण करामत आहे ती फेसाची. तो फेस बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेटमुळे येतो. आधी या कामाला साबण वापरत. विसाव्या शतकाच्या मध्याला त्याची जागा असल्या डिटर्जंटांनी घेतली. दात साफ होतात ते मुख्यतः ब्रशने, पण फेस आला नाही की काहीतरी राहून गेलंय असं मलाही वाटतं.

मला या गोष्टीत खरी ओढ वाटते ती एका भारतीय वेलीची. गुडमार. हिचं पान चघळलं की साखर तोंडात वाळूसारखी लागते. लोकांना ठाऊक असलेली ही गोष्ट १८४७ मध्ये एजवर्थ या कंपनीच्या अधिकाऱ्याने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली. पुढे १८८७ मध्ये उटीला डेव्हिड हूपर यांनी पानातलं जिम्नेमिक आम्ल वेगळं काढलं.

आणि १९८० मध्ये अमेरिकेत लिंडा बार्टोशुक व सहकाऱ्यांनी हे आम्ल आणि आपलं फेसाचं द्रव्य एकाच अभ्यासात शेजारी मांडलं! गोडवा दोन्ही मारतात. फेसवालं मात्र त्यावर थांबत नाही, आंबटाला कडूपणाही चढवतं. संत्र्यात गोड आणि आंबट दोन्ही, म्हणजे दुहेरी मार.

थोड्या वेळाने जीभ ताळ्यावर येते. बिनफेसाची पेस्टही मिळते. मी आपला रस आधी पिऊन घेतो.