अंड्यावर थांबलेली मादी: प्रस्तावना

ना. म. जोशी मार्गाला आजही डिलाईल रोडच म्हणणाऱ्या वस्तीत बसून मी हे लिहीत आहे. इथल्या गिरण्या ज्या कापसावर चालल्या, त्याची शेतात राखण कोण करतं, असा हा विषय आहे. जीवशास्त्र शाळेतच सुटलेल्या वाचकानेही खुशाल आत यावं.

राखणदार जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. ट्रायकोग्रामा हा गांधीलमाशीच्या गणातला परोपजीवी मित्रकीटक. त्याची मादी पीक खाणाऱ्या अळ्यांच्या पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालते; तीन-चार दिवसांत पतंगाचं अंडं काळं पडतं आणि पुढे त्यातून अळीऐवजी नवा ट्रायकोग्रामा निघतो. शेतकरी वापरतात त्या ट्रायकोकार्डावर तांदळातल्या पतंगाची अशीच अंडी चिकटवलेली असतात.

पण अंडं सापडलं म्हणजे काम झालं, असं नाही. मादी त्यावर चढते, मिशांनी ठोकत फिरते, आकार जोखते, कवचावरचा वास घेते, मग अंडी घालायची नळी खुपसून आतलं तपासते. यातल्या कुठल्याही टप्प्यावर ती नाकारून निघून जाऊ शकते. मला या साऱ्या अभ्यासात हा निर्णय सर्वांत विलक्षण वाटतो, आणि जीव न घेणारी कीटकनाशकाची मात्रा नेमकी इथेच शिरू शकते. ऑर्गॅनोफॉस्फेट, पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या तिन्ही गटांचा मारा मज्जासंस्थेवर होतो. वास, स्पर्श, चाल यांचा कारभारही तिच्याच हाती. तीन फ्रेंच संशोधकांनी 2007 साली अशा अर्धवट विषबाधेचा मोठा आढावा घेतला. नवागताने तिथून सुरुवात करावी.

एक सावधगिरी मात्र हवी. विषाच्या संपर्कानंतर काळी अंडी कमी भरली, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. मादीला अंडं सापडलंच नाही, सापडून नाकारलं, की स्वीकारलं पण आतलं पिल्लू मेलं? मोजणीत तिन्ही सारखीच दिसतात. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली मादीमागे डोळा लावून बसावं लागतं.

2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीने, बोंडअळीला रोखण्यासाठी आणलेला बीटी कापूसही पोखरला. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाचं जिथे हे झालं, तिथे फवारलेल्या पानावरच्या मित्रकीटकाचं काय झालं असेल? फवारणीनंतर किती दिवसांनी कार्ड लावायचं, हे सांगणाऱ्याने मेलेल्या माद्यांबरोबर जगलेल्यांचं वागणंही पाहिलेलं असावं.