सीडीची झेरॉक्स

मावसभाऊ परवा विचारत होता, जुन्या सीड्यांच्या इमेज करून ठेवायच्या तर कुठलं सॉफ्टवेअर बरं? उत्तराला थोडा इतिहास लागतो मंडळी!

सीडीच्या एका सेक्टरमध्ये २३५२ बाइट. डेटा सीडीत त्यातले २०४८ कामाचे, बाकीचे बरेचसे चुका पकडून दुरुस्त करायला. १९८८च्या आयएसओ ९६६० मानकावरून नाव पडलेली 'आयएसओ' फाइल तेवढे २०४८ उचलते. गाण्यांच्या सीडीत मात्र २३५२ म्हणजे सगळं गाणंच, फाइल हा प्रकारच नाही. तिची आयएसओ होणार कशी? तिथे बिन-क्यू.

गेमवाल्यांनी सेफडिस्कसारख्या कुलपांसाठी मुद्दाम खराब सेक्टर पेरले, तर क्लोनसीडी तेही जसेच्या तसे उतरवू लागलं. २०००चं डेमन टूल्स तर सेफडिस्कला चकवणाऱ्या प्रोग्राममधूनच वाढलं. गंमत बघा, २०१५ला विंडोज १०ने सेफडिस्कचा ड्रायव्हर वगळला आणि पैसे मोजून घेतलेल्या अस्सल सीड्याच चालेनात!

आयएसओ माउंट करणं २०१२ला विंडोज ८मध्ये घरचंच झालं. बिन-क्यूला अजून बाहेरचं सॉफ्टवेअर लागतं. तेव्हा भाऊराया, इमजीबर्न घे. गाण्यांची सीडी घातलीस की ते आपणहून बिन-क्यू करतं. आजोबांच्या भजनांची सीडी आधी घे, घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीचा रंगाचा थर विटत जातो.