तळटीप : मारवाडातली लढाईची खाण

२३. ‘मारवाडातली लढाईची खाण’ : लेखकाचा रोख डेगाणा (जि. नागौर, राजस्थान) येथील रेवत डोंगरातल्या टंगस्टनच्या खाणीकडे आहे. थरच्या वाळवंटाच्या पूर्व कडेचा हा मुलूख महायुद्धांच्या काळात जोधपूर संस्थानात होता. इथल्या ग्रॅनाइटमध्ये पांढऱ्या गारेच्या शिरा असून त्यांत वुल्फ्रामाइट हे काळे, हाताला जड लागणारे खनिज सापडते. त्यातला टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. तो मिसळलेल्या पोलादाचे कापायचे हत्यार तापून लाल झाले तरी धार सोडत नाही; म्हणूनच तोफा-बंदुकांच्या कारखान्यांना त्याची निकड असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे खोदाई सुरू झाली. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातील मावचीची मोठी खाण जपान्यांच्या हाती गेल्यावर अशा लहान खाणींचे मोल वाढले. पुढे स्वस्त चिनी टंगस्टनपुढे इथले हलक्या प्रतीचे धातुक परवडेना आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस खाण बंद पडली.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाण्याच्या डोंगरांत मात्र हे खनिज मिळण्याजोगे नाही. ते डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर निवून झालेल्या बेसॉल्टचे आहेत आणि टंगस्टनचे नाते मुख्यतः ग्रॅनाइटशी. महाराष्ट्रात त्याचे साठे नागपूर जिल्ह्यातील कुही-आगरगाव पट्ट्यात, बेसॉल्टहून कितीतरी जुन्या खडकांत आहेत. लढाईच्या काळात अशा खाणींवर राबलेल्यांच्या आठवणी वाचकांच्या घरी असतील, तर त्या आताच लिहून ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती. – संपा.